साम्राज्यं चालायची कशी?

पायमोजे, दोन जोड चपला आणि दोन आतले कपडे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका रोमन छावणीत राहणाऱ्या कुणाला तरी हे सामान आलं होतं. सोबत चिठ्ठी होती. काय काय पाठवलंय ते तिच्यात लिहिलं होतं.

चिठ्ठी कागदावर नव्हती बरं का! पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्टीवर ती शाईनं लिहिलेली होती. व्हिंडोलांडा नावाच्या या ठिकाणी १९७३ साली रॉबिन बर्ली या पुरातत्त्वज्ञाला चिखलात अशा पट्ट्या सापडायला लागल्या. चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. त्यानंतर अशा शेकडो पट्ट्या मिळाल्या. एकीत क्लॉडिया सेवेरा नावाच्या बाईनं आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण दिलंय. एकीत ऑक्टेव्हियस नावाचा माणूस कुरकुरतोय, की कातडी आणायला गेलो असतो, पण रस्ते फार खराब आहेत. (जगातले सर्वांत पक्के रस्ते बांधणाऱ्या रोमन लोकांच्या राज्यातली ही तक्रार!)

आता खरी गंमत ऐका. व्हिंडोलांडाच्या छावणीतले बहुतेक सैनिक रोमचे नव्हतेच. ते होते बटाव्हियन आणि टुंग्रियन, म्हणजे आजच्या हॉलंड-बेल्जियमकडचे. त्यांच्या वाडवडिलांचा मुलूख रोमनं आपल्या ताब्यात घेतला होता. आणि आता तेच रोमच्या वतीनं तिसऱ्याच लोकांच्या, म्हणजे ब्रिटनच्या मुलखावर पहारा देत होते.

दोस्तांनो, साम्राज्य म्हणजे काय ते यावरून लक्षात येईल. राज्य लहानही असतं आणि मोठंही. पण एका लोकांची सत्ता जेव्हा वेगळी भाषा बोलणाऱ्या, वेगळे देव मानणाऱ्या अनेक लोकांवर पसरते, तेव्हा त्याला आपण साम्राज्य म्हणतो. इतिहासकार साधारणपणे पहिलं नाव घेतात ते अक्कडच्या सारगॉनचं. तो आजच्या इराकमध्ये इसवी सनापूर्वी २३००च्या सुमारास होऊन गेला. मग असीरिया, इराण, मौर्य, चीन, रोम, मंगोल, तुर्क, मोगल, स्पॅनिश, ब्रिटिश... यादी भली लांब आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळ्या पाठ करताना ती किती लांब आहे हे तुम्हाला चांगलंच कळतं!

पण या सगळ्यांत काहीतरी सारखं होतं का? दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी रोमचं नावही ऐकलेलं नव्हतं. तरी त्यांच्या आणि रोमनांच्या कारभारात इतकं साम्य दिसतं, की एकानं दुसऱ्याची वही बघून उतरवलंय असं वाटावं. कॉपी कुणीच केली नव्हती. प्रश्नपत्रिका मात्र एकच होती आणि तिच्यातला पहिला प्रश्न होता अंतराचा.

राजाचा निरोप

समजा, तुम्ही इराणचे सम्राट आहात. इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपासचा काळ आहे. तुमचं नाव दरायस. राजधानी सुसा, आणि राज्याच्या पश्चिम भागात आजच्या तुर्कस्तानातलं सार्डिस शहर. मधलं अंतर सुमारे २५०० किलोमीटर. मुंबईहून रेल्वेनं दिल्लीला जायचं आणि परत येताना सुरतेपर्यंत यायचं, एवढं! सार्डिसला बंड झालं तर तुम्हाला कळणार कधी? आणि सैन्य पाठवणार कधी?

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की या दोन शहरांना जोडणाऱ्या राजमार्गावर १११ मुक्काम होते आणि पायी जायला ९० दिवस लागत. सामान्य माणसाला तीन महिने! पण सम्राटाच्या टपालाची सोय निराळी होती. ठरावीक अंतरावर ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार. पहिल्यानं निरोप दुसऱ्याच्या हाती द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. त्यामुळे हेच अंतर निरोप आठ-दहा दिवसांत कापत असावा असा अंदाज आहे. म्हणजे सार्डिसचा बंडखोर सुसाकडे चालत निघाला असता, तर त्याची पहिली आठ-दहा दिवसांची मजल होईपर्यंत सम्राटाच्या हाती बातमी पोचलेली असायची.

या प्रवासात लोक खायचे काय? त्याचाही हिशोब सापडलाय. १९३३ साली पर्सेपोलिस इथं उत्खननात मातीच्या हजारो छोट्या पाट्या मिळाल्या. कुणाला किती पीठ दिलं, किती मद्य दिलं, प्रवासी कुठून आला, कुणाचं परवानापत्र त्याच्याकडे होतं, सगळं लिहिलेलं! त्यात थेट हिंदुस्थानाकडून आलेले आणि तिकडे निघालेले प्रवासीही आहेत. बाळंतिणीला जादा शिधा दिल्याचीही नोंद आहे. ऐकून बरं वाटतं ना? पण थांबा. मुलगा झाला तर जेवढा जादा शिधा, मुलगी झाली तर त्याच्या निम्मा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर हे वाचलं, की वाईट वाटतं.

आता पृथ्वीगोल अर्धा फिरवा. इंकांचं साम्राज्य अँडीज पर्वताच्या कण्यावर पसरलेलं होतं. आजचा पेरू, इक्वेडोर, बोलिव्हिया, चिलीचा बराच भाग. १४३८च्या सुमारास ते वाढायला लागलं आणि शंभर वर्षांच्या आतच संपलं. त्यांच्याकडे घोडा नव्हता. चाक नव्हतं. आपल्यासारखी लिपीही नव्हती. आणि तरी रस्ते होते ३० ते ४० हजार किलोमीटर! पर्वतात पायऱ्या खोदलेल्या, दऱ्यांवर गवताचे दोर वळून बांधलेले झुलते पूल. त्यातला केस्वाचाका नावाचा एक पूल आजही आसपासच्या गावांतले लोक दरवर्षी नव्यानं विणतात. जुना तोडून टाकतात आणि काही दिवसांत नवा तयार.

या रस्त्यांवर पळायची ‘चास्की’ मुलं. हो, बहुतेक जण तरुण पोरंच. त्यांची पद्धत आपल्या खो-खोसारखी. दोन-तीन किलोमीटर जीव तोडून पळायचं, चौकी जवळ आली की शंख फुंकायचा. शंख ऐकून पुढचा तयार. काही पावलं बरोबरीनं पळत निरोप तोंडी सांगायचा, आणि खो! दिवसाला २०० किलोमीटरहून जास्त अंतर निरोप असा नुसत्या पायांवर जायचा. समुद्रातली ताजी मासळी डोंगरावरच्या कुस्को राजधानीत पोचायची म्हणे.

मंगोलांनीही तेच केलं, घोड्यांवर. दूताकडे धातूची मुद्रा असली की वाटेतल्या प्रत्येक चौकीनं त्याला घोडा आणि जेवण द्यायलाच हवं. आपल्याकडे शेरशाहानं सराया बांधल्या, मोगलांच्या डाकचौक्या होत्या. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची रेल्वे धावली, तीही काही केवळ आपल्या सोयीसाठी नव्हती. कापूस बंदरावर आणायचा आणि पलटणी झटपट हलवायच्या, हा इंग्रजांचा हिशोब त्यामागे होताच.

दोरीवरचा हिशोब

निरोप पोचला. आता दुसरा प्रश्न. चौकीवरच्या घोड्याला दाणा कोण देणार? सैन्याला धान्य कुठून येणार? अर्थातच जिंकलेल्या लोकांकडून. पण कुणाकडून किती घ्यायचं हे ठरवायला आधी मोजायला हवं. माणसं मोजा, शेतं मोजा, जनावरं मोजा. सम्राटांना मोजण्याचं जणू वेडच असतं. अकबराच्या दरबारातल्या तोडरमलानं दहा वर्षांच्या पिकांची आणि भावांची सरासरी काढून सारा ठरवण्याची पद्धत १५८०मध्ये बसवली. इंग्रजांनी १८७१-७२मध्ये हिंदुस्थानात पहिली मोठी शिरगणती केली.

चीनमध्ये तर छिन शी ह्वांग या सम्राटानं इसवी सनापूर्वी २२१मध्ये सहा राज्यं जिंकून एक केली आणि लगेच फर्मान काढलं. सगळीकडे एकच वजन, एकच माप, एकच नाणं, एकच लिपी. एवढंच नाही, तर गाडीच्या दोन चाकांमधलं अंतरही एकच! हे कशाला? कच्च्या रस्त्यावर चाकांच्या चाकोऱ्या पडतात. गाडीची चाकं त्या चाकोरीत बसली नाहीत तर गाडी अडते. मग एका प्रांतातली गाडी दुसऱ्या प्रांतात जाणार कशी?

पण मला सगळ्यांत आवडतो तो इंकांचा ‘कीपू’. लिपी नसताना कोट-सव्वा कोट माणसांचा हिशोब ठेवायचा कसा? तर दोरीला गाठी मारून! एक जाड आडवी दोरी घ्यायची. तिला खाली बऱ्याच बारीक दोऱ्या लोंबत्या बांधायच्या. प्रत्येक दोरी म्हणजे एक आकडा. घरी सुतळी असेल तर करून बघा. समजा २४३ लिहायचे आहेत. दोरीच्या वरच्या भागात दोन साध्या गाठी जवळजवळ मारा. हे झाले दोनशे. थोडी जागा सोडून चार गाठी. हे चाळीस. अगदी खाली एककाच्या जागी एकच लांब गाठ, पण तिला तीन वेढे. हे तीन. झाले २४३! आणि शून्य? त्या जागी गाठच मारायची नाही, रिकामी जागा सोडायची. शतक, दशक, एकक, अगदी आपल्या गणितासारखं. दोऱ्यांचे रंगही वेगवेगळे असत. १९१२मध्ये लेलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकानं गाठींतले आकडे कसे वाचायचे ते दाखवून दिलं. आज जगातल्या संग्रहालयांत हजाराहून अधिक कीपू आहेत.

इंकांमध्ये पैशाचा कर नव्हता. कर म्हणजे काम. वर्षातले काही दिवस सम्राटासाठी रस्ता बांधायचा, पूल विणायचा, शेत कसायचं किंवा कापड विणायचं. पिकलेलं धान्य रस्त्यालगतच्या दगडी कोठारांत रांगेनं साठवलेलं असे. ही कोठारं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हजर!

मास्तरांनी हजेरी घेतली की तुम्ही काय म्हणता? “हजर!” हा शब्द मूळचा मराठी नाही. तो अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. अर्ज, तारीख, वकील, जमीन, कागद, दाखला... शाळेच्या ऑफिसातून एक फेरी मारलीत तरी असे डझनभर शब्द कानावर पडतील. बहामनी, आदिलशाही, निजामशाही आणि मोगल यांच्या दफ्तरांत फारसी चाले, त्याच्या या खुणा. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिटणीस, फडणीस. तुमच्या वर्गात कुणी पारसनीस असेल तर त्याला सांगा, तुझ्या पूर्वजांपैकी कुणीतरी फारसी लिहिणारा होता!

कारभाराची एकच भाषा हवी, ही सगळ्याच साम्राज्यांची गरज. मात्र ती भाषा राजाच्या घरची असतेच असं नाही. दरायसची मातृभाषा जुनी फारसी होती, पण त्याचे कारकून मुख्यतः अरेमाइक भाषेत लिहीत, कारण ती आधीपासून दूरवर समजत होती. इराणचं ते साम्राज्य अलेक्झांडरनं इसवी सनापूर्वी ३३०मध्ये बुडवलं. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी सम्राट अशोकानं कंदाहारला एक लेख कोरला. तो १९५८ साली सापडला. भाषा कोणत्या? ग्रीक आणि अरेमाइक! साम्राज्य गेलं, पण कचेरीची भाषा मागे राहिली. (इंग्रज १९४७मध्ये गेले. आपल्या बँकेतला फॉर्म कोणत्या भाषेत असतो?)

शिवाजी महाराजांना हे नेमकं कळलं होतं. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ तयार करवून घेतला. कारभारातल्या सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेत. पेशव्यांना ‘पंतप्रधान’ म्हणायला लागले ते तेव्हा. सगळे नवे शब्द काही रुजले नाहीत. जिभेवर बसलेला शब्द राजाज्ञेनंही सहज उठत नाही.

आपली माणसं, परका मुलूख

व्हिंडोलांडाचे सैनिक आठवतात ना? जिंकलेल्यांनाच सैन्यात घ्यायचं आणि घरापासून लांब नेमायचं, ही युक्तीही जवळजवळ प्रत्येक साम्राज्यानं वापरली. घराजवळ ठेवलं तर भाऊबंदांना सामील होतील ही भीती. रोमनं त्याला जोड दिली आमिषाची. २५ वर्षं नोकरी केलीस तर तुला आणि तुझ्या मुलांना रोमन नागरिकत्व, ब्राँझच्या पत्र्यावर कोरून! पुढे इसवी सन २१२मध्ये कॅराकॅला या सम्राटानं राज्यातल्या जवळजवळ सगळ्याच स्वतंत्र लोकांना नागरिक करून टाकलं. काही जण म्हणाले उदारपणा. त्याच काळातला इतिहासकार कॅशियस डिओ म्हणाला, जास्त लोकांकडून कर मिळावा म्हणून!

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले दहा लाखांहून जास्त लोक इंग्रजांसाठी परदेशी गेले. त्यांतल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने कुत शहरात तुर्कांनी त्यांना वेढून ठेवलं. अन्न संपलं, घोडे कापून खायची पाळी आली, आणि शेवटी शरणागती. सातारा-रत्नागिरीकडची पोरं, इंग्रजांसाठी, तुर्कांविरुद्ध, अरबांच्या मुलखात. आणि जागा कोणती? जिथं चार हजार वर्षांपूर्वी सारगॉननं साम्राज्याचा खेळ सुरू केला, तीच.

सैनिकांपुरतंच हे थांबत नसे. बंड करतील अशा लोकांना अख्खं गावच्या गाव उचलून दुसरीकडे नेऊन बसवायचं, हे असीरियन राजांनी केलं आणि इंकांनीही. कलिंगच्या युद्धाबद्दल आपण पाठ्यपुस्तकात वाचतो ते अशोकाच्या पश्चात्तापासाठी. पण त्याच्या तेराव्या शिलालेखातले आकडे नीट बघा. एक लाख माणसं मारली गेली, आणि दीड लाख माणसांना तिथून दुसरीकडे नेण्यात आलं. युद्धात मारल्या गेलेल्यांपेक्षा हलवलेले जास्त! त्यांचं पुढे काय झालं ते कुठेच कोरलेलं नाही. आणखी एक गोष्ट. कलिंगमध्ये, म्हणजे आजच्या ओडिशात, धौली आणि जौगड इथं अशोकाचे लेख आहेत. हा तेरावा लेख मात्र तिथं नाही. ज्यांचं दुःख, त्यांनाच तो वाचायला मिळाला नाही. अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडलेत, एक १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आणि दुसरा १९५६ साली. ते आहेत आठव्या आणि नवव्या लेखांचे.

रस्ता दोन्ही बाजूंनी जातो

एवढी बळकट व्यवस्था, मग साम्राज्यं कोसळतात का? कारणं अनेक असतात. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली चीनची. चाकांचं माप ठरवणाऱ्या छिन घराण्याचे कायदे फार कडक होते. इसवी सनापूर्वी २०९मध्ये ९०० माणसांची एक तुकडी सीमेवर पहाऱ्याला निघाली होती. वाटेत मुसळधार पाऊस, रस्ते बंद. ठरलेल्या दिवशी पोचणं अशक्य झालं. सिमा छिएन हा चिनी इतिहासकार लिहितो, की उशिराची शिक्षा होती मृत्यू. तुकडीतले चेन शेंग आणि वू ग्वांग यांनी विचार केला. पुढे गेलो तरी मरण, बंड केलं तरी मरण. मग बंडच करू! ते दोघे टिकले नाहीत, पण त्यांनी लावलेली आग पसरली. दहा हजार वर्षं टिकेल अशी ज्याची घोषणा होती, ते घराणं १५ वर्षांत संपलं.

दुसरी इंकांची. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावात फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदारानं सम्राट अताहुआल्पाला पकडलं. पिझारोची माणसं फक्त १६८! गावाबाहेर सम्राटाचं हजारोंचं सैन्य होतं. घोडे, पोलाद, तोफा हे सगळं खरं. स्पॅनिशांच्या आधीच तिथं पोचलेली रोगाची साथ खरी. भावाभावांतलं यादवी युद्धही खरं. पण आणखी एक कारण होतं. इंकांनी जिंकलेले लोक नव्या पाहुण्यांना जाऊन मिळाले. हुआंका नावाचे लोक त्यांतलेच. इंकांनी बांधलेल्या सुरेख रस्त्यांवरून स्पॅनिश फौज थेट कुस्कोला गेली, आणि वाटेतल्या भरलेल्या कोठारांतलं धान्य खात गेली.

इंकांपासून सुटका होईल म्हणून हुआंकांनी स्पॅनिशांना सगळं काही पुरवलं. बदल्यात नवा मालक मिळाला. पण हिशोब ठेवायची जुनी सवय त्यांनी सोडली नव्हती. १५५८मध्ये आणि पुन्हा १५६१मध्ये त्यांचे नायक लिमा शहरातल्या स्पॅनिश न्यायालयात आपले कीपू घेऊन उभे राहिले. तुम्हाला काय काय दिलं ते गाठींवरून वाचून दाखवायला लागले. माणसं किती, लामा किती, मक्याची पोती किती, चपलांचे जोड किती. आणि जे न विचारता उचलून नेलं होतं, त्याचा हिशोब वेगळा. एकेक दोरी बोटांतून सरकत होती आणि स्पॅनिश कारकून आकडे कागदावर उतरवून घेत होता.